दाखवायचं कुणाला?

(दृश्य: वस्तीच्या पायऱ्या. पाठीवर प्रोजेक्टरची सॅक, खांद्यावर गुंडाळलेली वायर.)

पर्वतीच्या उतारावरची ही वस्ती. संध्याकाळी साडेसातच्या आत इथे सिनेमा लावण्यात अर्थ नाही. ज्यांना तो दाखवायचा त्या तेव्हा दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात. साडेआठनंतर त्यांचा स्वतःच्या घरचा स्वयंपाक खोळंबतो. मधला तासभर काय तो हाताशी.

पुढे चाललेली मुलगी, जिच्यावर आमचा हा माहितीपट आहे, माध्यम-अभ्यासात पीएचडी करते. विषय, स्त्री चळवळीतले माहितीपट आणि त्यांचं वितरण. विद्यापीठाच्या फॉर्मवर तो दीड ओळीत बसला. इथे त्याला लांब वायर लागते, काळं कापड लागतं आणि कुणीतरी आपल्या घरातल्या प्लगमध्ये पिन खुपसू द्यावी लागते.

(दृश्य: समाजमंदिरात पांढरी चादर बांधणं. घाई नको.)

चादर खालूनही ताणली नाही तर पडद्यावरचे चेहरे वाकडे होतात. हे तिला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. वस्तीतल्या पोरांनी शिकवलं. गणपतीत मांडव घालून त्यांचा हात बसलाय.

(दृश्य: लॅपटॉप. फाईलचं नाव: मोलकरीण.)

आज लागणार आहे तो माहितीपट 1981 सालचा, ‘मोलकरीण’. जेमतेम पंचवीस मिनिटांचा. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी काम बंद केलं होतं. पगार वाढवून हवा होता, आजारपणात हक्काची सुट्टी हवी होती. त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली आणि बेंगळुरूच्या ‘युगांतर’ या गटानं तिच्या सोबतीनं हा माहितीपट केला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव, आणि कॅमेऱ्यामागे नवरोज कॉन्ट्रॅक्टर. 1980 ते 1983 या काळात या गटानं चार माहितीपट केले. पुण्यानंतरचा निपाणीचा, तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांचा. तिसरा हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर, घरातल्या हिंसेवर. चौथा चिपको आंदोलनातल्या एका कार्यकर्तीवर.

सगळं 16 मिलिमीटर फिल्मवर. चारशे फुटांचं एक रीळ कॅमेऱ्यात साधारण अकरा मिनिटं चालतं, की संपलं. नवं रीळ म्हणजे नवा खर्च, वर धुलाई आणि प्रिंट. अशा हिशेबात कॅमेरा उगाच चालू ठेवून चालत नाही. म्हणून बोलणं आधी व्हायचं. काय सांगायचं, कुठे उभं राहून सांगायचं, हे त्या बायकांबरोबर बसून ठरायचं आणि मग बटण दाबलं जायचं. आज आपण ज्याला ‘सहभागातून निर्मिती’ असं भारदस्त नाव देतो, त्यात फिल्मच्या किमतीचाही वाटा असणार, असं तिचं म्हणणं आहे. गाईडना ते फारसं पटलेलं नाही. आम्हाला पटलं.

रिळं पुढे जुनी झाली. बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपट संस्थेनं त्यांच्या डिजिटल प्रती करवून घेतल्या, म्हणून आज ती या लॅपटॉपवर चालतात. पुण्यातला संप पुण्यात परत आला तो असा बर्लिनमार्गे.

(दृश्य: तिची खोली. रात्र. हेडफोन, दोन हार्ड डिस्क, चिकटवलेल्या चिठ्ठ्या.)

या खोलीतलं चित्रीकरण आमच्याकडे भरपूर आहे, कारण तिचं आयुष्य बरंचसं इथेच जातं. जुन्या माहितीपटांवर लिहिता लिहिता ती स्वतःही एक करते आहे, याच वस्तीतल्या बायकांबरोबर. तिच्याकडे रिळाची अडचण नाही. मेमरी कार्डावर अख्खी संध्याकाळ मावते. अडचण नंतर सुरू होते. मिनिटभराचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा मिनिटं सहज जातात, आणि चार बायका एकदम बोलत असतील तर विचारूच नका. मागे मिक्सर, कुकर, शेजारच्या मोबाईलवरची मालिका. प्रत्येक फाईलला तारीख, जागा, कोण बोललं, काय दाखवायचं नाही, अशी नोंद. मग महत्त्वाची वाक्यं छापून, कात्रीनं कापून जमिनीवर मांडायची. याला ती कागदावरचं संकलन म्हणते. तिची रूममेट कचरा म्हणते.

(दृश्य: संमतिपत्र, जवळून.)

आणि हा कागद. विद्यापीठाच्या नैतिकता समितीनं मंजूर केलेला, मुलाखतीआधी भरून घ्यायचा. त्यात ‘सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याचा अधिकार आहे’ असं वाक्य आहे. वाक्य चांगलं आहे. पहिल्याच दिवशी एका ताईंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “सही करते गं. पण हे आमच्या मॅडम बघणार का, तेवढं आधी सांग.”

या प्रश्नाला कागदात रकाना नव्हता. तिनं तो घातला. आता संमती दोनदा घेतली जाते. एकदा कॅमेरा लावण्याआधी, आणि दुसऱ्यांदा कच्चं संकलन त्या बाईला दाखवून झाल्यावर. दुसऱ्या खेपेला बायका बरंच काही काढायला लावतात. एकीनं स्वतःचं रडणं काढायला लावलं आणि पगाराचा आकडा ठेवायला सांगितलं. कुठल्याही महोत्सवाच्या निवडकर्त्याला ते रडणंच जास्त आवडलं असतं, हे आपण मनाशी कबूल करायला हरकत नाही.

(दृश्य: लॉ कॉलेज रस्ता. चित्रपट संग्रहालय. वाचनकक्ष, जाड बाइंडिंगचे अंक.)

दुपारी ती इथे असते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, स्थापना 1964. सिनेमाच्या गावात माहितीपटाचा इतिहास शोधायचा तर असे अंक पानापानानं चाळावे लागतात.

तिच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण प्रमाणपत्रावर आहे. 1952च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनासाठी चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. माहितीपटालाही. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांना त्यांच्या एका छोट्या माहितीपटासाठी सर्वांना पाहता येईल असं प्रमाणपत्र नाकारलं गेलं, तेव्हा ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 1970 साली न्यायालयानं पूर्वपरीक्षणाची, म्हणजे प्रदर्शनाआधी चित्रपट तपासण्याची पद्धत वैध ठरवली. त्याच प्रकरणात अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची गरज पुढे आली. ते न्यायाधिकरण नंतर आलंही, आणि 2021 मध्ये बंदही झालं. आता दाद मागायची तर उच्च न्यायालय. विद्यार्थ्यानं वकील कुठून आणायचा?

(दृश्य: प्रभादेवी. रस्ता, भूपेश गुप्ता भवनाची पाटी.)

या पाटीसाठी आम्ही तिच्याबरोबर मुंबईला गेलो. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा मुंबईतला सरकारी आंतरराष्ट्रीय महोत्सव 1990 पासून भरतो. 2004च्या महोत्सवाआधी नियम निघाला की भारतीय प्रवेशिकांना सेन्सॉर प्रमाणपत्र हवं. परदेशी चित्रपटांना ती अट नव्हती. देशभरातले माहितीपटकार एकत्र आले, पत्रं गेली, बहिष्काराची भाषा झाली आणि अट मागे घेतली गेली. पण मग निवडीतच राजकीय टोक असलेले बरेच माहितीपट गळाले. त्या दिग्दर्शकांनी फेब्रुवारी 2004 मध्ये, महोत्सव चालू असतानाच, या इमारतीत आपला समांतर महोत्सव भरवला. नाव ‘विकल्प’. आजूबाजूच्या हॉर्नांमुळे तिचं बोलणं नीट रेकॉर्ड झालं नाही, म्हणून इथे पाटीवरच थांबू.

(दृश्य: पुन्हा वस्ती. चादरीवर उजेड. बायका येऊन बसतात, लहान मुलं पुढे.)

लागला.

(पंचवीस सेकंद निवेदन नाही. चेहरे.)

मधल्या रांगेतल्या मावशी साठीच्या पुढच्या. 1980 साली त्या पंधरा-सोळाच्या होत्या, आईबरोबर कामाला जायच्या. संप त्यांना आठवतो. “आई घरी बसली होती तेव्हा. मला वाटलं आजारी पडली.” सगळ्या हसतात. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रानं 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी साठ वर्षांपर्यंतच होते, त्यामुळे मावशी त्यातून बाहेर. काम चालूच आहे, तीन घरं.

चर्चा मात्र रंगली. बोनस एक पगाराएवढा द्यायचा की साडी देऊन भागवायचं, यावर आवाज चढले. ज्या दोघी कधी मीटिंगला येत नाहीत त्या सगळ्यात जास्त बोलल्या. प्रेक्षक चित्रपट कसा घेतात, याला प्रबंधात ‘प्रेक्षक-ग्रहण’ म्हणतात. इथे तिनं वही बंद करून ठेवली होती, कारण एका ताईंनी तिलाच धारेवर धरलं.

“तुझं ते मोठं पुस्तक कोण वाचणार?”

“गाईड वाचतील. मग परीक्षक.”

“म्हणजे किती जण?”

“तीन-चार.”

“मग इथं जास्त माणसं आहेत की.”

फेलोशिपची मुदत संपली आहे, प्रबंधाला एकदा वाढ मिळाली आहे, सध्या ती सकाळी शिकवण्या घेते.

(दृश्य: जमिनीवर पसरलेला फुलस्केप कागद. चार-पाच डोकी त्याच्यावर वाकलेली.)

प्रोजेक्टर बंद झाल्यावर हे सुरू झालं. मावशींची सूचना अशी की पुढचा खेळ वस्तीत नको, त्या जिथे काम करतात त्या सोसायटीच्या हॉलमध्ये लावायचा. मालकिणींनी बसून बघावं. आधी जुना माहितीपट, मग हिचं कच्चं संकलन, ज्यांनी दुसऱ्यांदा हो म्हटलंय त्यांच्यापुरतं. हॉलसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज करायचा. तारीख रविवारची, वेळ दुपारी चार. तेव्हा मालकिणी घरी असतात आणि यांना त्या वेळी काम नसतं. ‘माननीय’ लिहायचं यावर एकमत झालं. ‘नम्र विनंती’तला ‘नम्र’ एकीनं खोडायला लावला, दुसरीनं पुन्हा लिहायला लावला.

अर्जदार म्हणून नाव कुणाचं घालायचं, इथे गाडी अडली. हिचं घातलं तर कॉलेजचा कार्यक्रम समजून हॉल मिळेल. यांचं घातलं तर कदाचित मिळणार नाही, आणि सोमवारी कामावर चार प्रश्न होतील. मावशी म्हणतात, आमचंच घाला. दोघी म्हणतात, थांबा. ती काहीच म्हणत नाही, पेन धरून बसली आहे. आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी इथे संपली. वाद चालूच होता.