एका दुपारी साठ वर्षं

नमस्कार मंडळी. विषय कार्टून नेटवर्कच्या सुवर्णकाळाचा आहे आणि समोर बघतोय तर निम्मे जण माझ्याच वयाचे दिसतायत, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा तो लोगो कसा होता हे सांगत बसायला नको. चॅनेल आपल्याकडे १९९५ साली आलं. आमच्या कराडच्या घरी केबल आली त्याच्या जरा नंतर, आणि दिवसभर कार्टून बघावं तर रात्री त्याच नंबरवर टीएनटी लागायचं, जुने इंग्रजी पिक्चर, की आमचा दिवस संपला. चोवीस तास कार्टून मिळायला २००१ उजाडावं लागलं.

लोक म्हणतात आपलं बालपण गोड होतं म्हणून ते चॅनेल गोड वाटतं. मला हे पटत नाही. ते चॅनेल खरंच भारी होतं आणि त्याला कारण आहे.

अमेरिकेतला टीव्हीवाला उद्योगपती टेड टर्नर, त्यानं १९८६ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचा जुना फिल्मसाठा घेतला, त्यात टॉम अँड जेरी आले, मग १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा स्टुडिओच घेतला, आणि १९९२ मध्ये अमेरिकेत चॅनेल सुरू केलं ते या भरलेल्या ट्रंकांच्या जिवावर. आता गंमत बघा, दोन्ही ट्रंकांमधलं काम त्याच दोन माणसांचं, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा. १९४० पासून एमजीएममध्ये त्यांनी टॉम अँड जेरी केलं, सात ऑस्कर मिळाले, पैसा होता, वेळ होता, टॉमची मिशीसुद्धा वेगळी हलायची. १९५७ मध्ये एमजीएमनं कार्टूनचा विभागच बंद केला. मग दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढून टीव्हीसाठी काम धरलं, तिथं पैसे अगदीच थोडे, त्यामुळं चित्रं कमी काढायची. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर का असते माहितीय? कॉलरच्या खालचं अंग तसंच ठेवायचं आणि फक्त डोकं नव्यानं काढायचं, जोड दिसत नाही! फ्लिंटस्टोन्समध्ये फ्रेड घरात पळतो तेव्हा मागून तीच खिडकी परत परत जाते, तीही काटकसरच. लहानपणी मी त्या खिडक्या मोजायचो आणि मला वाटायचं केवढं मोठं घर असेल याचं.

आणि याच चॅनेलनं नव्या पोरांना सांगितलं की तुमची छोटी कार्टून करून आणा. 'व्हॉट अ कार्टून' नावाखाली १९९५ पासून ४८ छोट्या फिल्म आल्या, त्यातून डेक्स्टर निघाला, जॉनी ब्राव्हो, काऊ अँड चिकन, पॉवरपफ गर्ल्स, करेज, सगळी तिथलीच. डेक्स्टर करणारा गेंडी टार्टाकोव्स्की मॉस्कोत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला. पॉवरपफ तर क्रेग मॅक्रॅकननं कॉलेजात असताना सुरू केलेलं.

म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत आईनं कुरडया राखायला गच्चीवर बसवलेलं पोरगं, कावळ्यांना रामभरोसे सोडून खाली पळून यायचं आणि एका दुपारी टॉम, मग योगी, मग स्कूबी, मग डेक्स्टर असं बघायचं. चाळीस सालापासून कालपर्यंतचं सगळं एकाच पंगतीत वाढलेलं. हे जुनं, हे नवं असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हाला सगळं आजचंच वाटायचं. पुढं मी चित्रं काढायला शिकलो तेव्हा कळलं की आपण तर शाळेतच बसलो होतो.

भाषेचं म्हणाल तर मराठीत काहीच नव्हतं, आधी इंग्रजी आणि मग हिंदी. पण माझी आजी, तिला दोन्ही धड येत नव्हत्या, ती टॉम अँड जेरी लागलं की गहू निवडायचं सूप घेऊन समोर येऊन बसायची आणि कायम टॉमच्या बाजूनं. "उगं त्या बोक्याला मारतंय मेलं," म्हणायची. तिथं बोलणंच नव्हतं, स्कॉट ब्रॅडलीचं संगीत सगळं सांगायचं, टॉमनं पाऊल टाकलं की वाद्य पाऊल टाकायचं.

करेज मात्र तिला नको असायचं. माळरानावर एकटं घर, म्हातारी मुरिएल, कुरकुऱ्या युस्टेस आणि घाबरणारा कुत्रा करेज. मला तो फार जवळचा वाटायचा, थरथर कापतो, ओरडतो, आणि तरी मुरिएलसाठी दारात जातोच. अजूनही माझ्यासाठी त्या काळातलं सगळ्यात धाडसी काम ते.

२००१ च्या मार्चमध्ये हॅना गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टार्टाकोव्स्कीचा समुराई जॅक अमेरिकेत सुरू झाला. आपल्याकडे आला तेव्हा मी एक भाग बघत होतो, जॅक एकटा चालतोय, मिनिटं जातायत आणि कुणी एक शब्द बोलत नाही, नुसता वारा आणि पावलं. आजी आतून सूप घेऊन आली, खाली बसली, आणि तिला सगळं कळत होतं.