पंजे खांद्यावर घेतले, हुसेन कोण ते विचारलं नाही

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘इस्लामविषयीचे गैरसमज’. चार बायका, तलाक, लोकसंख्या, जिहाद, सगळ्यावर बोलणार आहे. पण त्याआधी बरीच वर्षं मनात असलेलं एक बोलतो.

आपल्याला सलोख्याचा फार अभिमान आहे. मलाही आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती त्याला दाखवल्याशिवाय आपण सोडत नाही. कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो, हे सांगताना आपला आवाज चढतो. चढावाच. पण या अभिमानानं एक नुकसान केलं. एकमेकांविषयी काही माहीत नसलं तरी चालतं, असं आपल्याला वाटायला लागलं. आणि मग ७ जून २०२३ ला याच शहरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगड चालले. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या वाटेवर गजापूरला मशीद आणि घरं फोडली. तेव्हा आपण सगळे म्हणालो, ‘हे आपलं कोल्हापूर नव्हे.’ मी स्वतःला विचारलं, आपलं कोल्हापूर एकमेकांना ओळखतं तरी किती?

आता मोहरमचं बघा. दरवर्षी मोहरमचा चंद्र दिसला की माझ्या फोनवर संदेश यायला लागतात. चंद्रकोर, फुलं, कधी आतषबाजीसुद्धा, आणि खाली ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’. पाठवणारे सगळे माझ्या जिवाभावाचे. कुणाच्या मनात काडीचंही वाईट नाही. पण मला दरवर्षी कसंतरीच होतं, कारण तो दुखवट्याचा महिना आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, पेठेतला. त्याच्या घरात आजोबांपासून तालमीचा पंजा, म्हणजे मोहरमला मिरवतात ते हाताच्या आकाराचं निशाण, धरायचा मान. मोहरमचे दहा दिवस घरात मटण शिजत नाही, आई मलिदा करते. लहानपणी नवसाचा फकीर होऊन, गळ्यात रंगीत दोरा घालून पाच घरं मागून आलेला पोरगा. त्याला एकदा विचारलं, ‘अरे, हे पीर कोण?’ तो म्हणाला, ‘पीर म्हंजे पीर की, सर!’ (हशा) हसताय ते ठीक, पण त्याच्याइतक्या श्रद्धेनं पंजा धरणारे किती मुसलमान दाखवाल? श्रद्धेत तो कुठंच कमी नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, एवढंच. मग आम्ही तालमीच्या कट्ट्यावर बसलो आणि मी त्याला करबलाची गोष्ट सांगितली.

इसवी सन ६८०. प्रेषित मुहंमद जाऊन अठ्ठेचाळीस वर्षं झालेली. इस्लामी राज्याच्या गादीवर यजीद बसलेला, आणि ‘माझ्या नावानं निष्ठेची शपथ घ्या’ असा त्याचा हुकूम. प्रेषितांचे नातू हुसेन यांनी नकार दिला. आजच्या इराकमधल्या करबलाच्या मैदानात त्यांना घेरलं. फरात नदी तिथून जवळ, पण पाणी तोडलं. लहान पोरं तहानेनं कासावीस. हुसेन यांच्या बाजूला परंपरेनं बहात्तर माणसं सांगतात, समोर हजारोंची फौज. मोहरमच्या दहाव्या दिवशी हुसेन मारले गेले. आपण त्या दिवसांत रस्त्यावर सरबत वाटतो ना, ते त्या तहानेच्या आठवणीनं. पंज्याची पाच बोटं म्हणजे प्रेषित, त्यांची मुलगी फातिमा, जावई अली आणि नातू हसन, हुसेन. कत्तलची रात्र म्हणतो ती कुणाच्या कत्तलीची, हे त्या पोराला त्या दिवशी कळलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘सर, हे तर आपल्या शंभूराजांसारखं झालं. वाकले नाहीत.’ त्याच्या या वाक्यापुढं माझं सगळं व्याख्यान फिकं आहे.

यात दोष एकट्या हिंदूंचा नाही. आमच्यातच काहीजण म्हणतात, पंजे-ताबूत धर्मात बसत नाहीत, शिर्क आहे, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला पुजणं आहे, तिकडं फिरकू नका. धर्मशास्त्रात हा वाद जुना आहे, तो त्यांनी जरूर करावा. पण तालमीतल्या हिंदू पोरांनी सांभाळलेले हुसेन आपण मुसलमानांनीच सोडून द्यायचे, हे मला पटत नाही. पटणारही नाही.

दुसरा प्रश्न मला प्रत्येक वर्गात आला. ‘सर, तुमचे सण दरवर्षी मागं का सरकतात? मौलाना ठरवतात का?’ नाही. आपल्या पंचांगातले महिनेही चंद्राचेच, आमचेही चंद्राचेच. चंद्राचे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. पंचांग अधिक महिना घालून ती तूट भरतं, म्हणून दिवाळी पावसाळा सरल्यावरच येते. अरबांतही महिना वाढवायची रीत होती, ती इस्लामनं बंद केली. महिने बाराच, असं कुराणाच्या तौबा या सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, आलंय. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि सुमारे तेहतीस वर्षांनी मूळ जागी येतो. मेच्या उन्हात पाण्याच्या थेंबाविना रोजा धरणाऱ्यालाच पुढं डिसेंबरचा छोटा दिवसही मिळतो. मला यात मोठा न्याय दिसतो.

आणि याच हिशेबानं २०१८, २०१९, २०२० अशी सलग तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले. भाद्रपद आणि मोहरम, दोन्ही महिने अमावास्येनंतर सुरू होतात, त्यामुळं चतुर्थीला गणपती बसले की आठवडाभरानं मोहरमची दहावी. आपल्या तालमींत एका मांडवात गणपती आणि पंजे शेजारी होते. आपण फोटो काढले, फिरवले. हे दोघे शेजारी कसे आले, असं विचारलं किती जणांनी?

शाहू महाराजांना हे कळत होतं. १९०६ मध्ये त्यांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, तिचे अध्यक्ष स्वतः झाले. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग रोज आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण महाराजांनी कुराण मराठीत यावं म्हणूनही पैसा घातला, हे आपण विसरतो. पोरांची जेवणाखाणाची सोय केली की भागतं, असं त्यांनी मानलं नाही. शेजाऱ्याचा ग्रंथ आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे, हेही त्यांनी बघितलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर पत्रिकेवरचा विषय.

चार बायका. कायदा परवानगी देतो, हे खरं आणि माझ्या मते चुकीचं. ती परवानगी जायला हवी. पण घरोघरी चार बायका आहेत, हे खोटं. १९६१ च्या जनगणनेत बहुपत्नीत्वाचं प्रमाण हिंदूंत ५.८ टक्के, मुसलमानांत ५.७. अलीकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, हिंदू १.३ आणि मुसलमान १.९. दोन्हीकडं प्रथा मरतेय.

लोकसंख्या. त्याच पाहणीत मुस्लिम बाईमागं मुलं २.४. १९९२-९३ ला हाच आकडा ४.४ होता. हिंदूंत तो ३.३ वरून १.९ वर आला. मुलगी शाळेत गेली की धर्म कुठलाही असो, आकडा उतरतो.

तलाक. एका दमात तीनदा म्हणून बायकोला बाहेर काढणं कुराणात नाही. तिथं थांबायला लावलंय, तीन पाळ्यांची मुदत दिलीय, दोन्ही घरचे मध्यस्थ बसवायला सांगितलेत. तरी आमच्या बायकांनी शतकानुशतकं ते सोसलं. १९६६ ला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात बायकांचा मोर्चा मुंबईत काढला तेव्हा समाजानं त्यांना शिव्या घातल्या. सर्वोच्च न्यायालयानं ती प्रथा रद्द केली ऑगस्ट २०१७ मध्ये. एकावन्न वर्षं! हा इस्लामविषयीचा गैरसमज होता, आणि तो आम्हा मुसलमानांचाच होता.

काबा. आम्ही मक्केतल्या काबाची पूजा करत नाही, ती नमाजाची दिशा आहे. मुहंमदांचीही पूजा नाही. येशू आम्हालाही प्रेषित, मरियमच्या नावानं कुराणात आख्खा सुरा आहे.

जिहादला पाच मिनिटं ठेवली होती, ती गेली. एवढंच सांगतो की निःशस्त्र माणसाला मारणाऱ्यानं ते नाव घेतलं तर पहिला विरोध मशिदीतून व्हायला हवा, आणि तो आमच्याकडून पुरेशा मोठ्यानं होत नाही. बाकी तुम्ही विचाराल तसं बोलू. माइक मागं द्या, त्या तिसऱ्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.