गच्चीवरचा पृथ्वीगोल

कोपरखैरणे. शाळेची गच्ची. पश्चिमेचा वारा असला की मुंबईत उतरणारी विमानं अशी डोक्यावरून जातात, चाकं सोडलेली, खाडी ओलांडायला निघालेली. मुलं आधी शेपटीवरून कंपनी ओळखतात. मग प्रश्न येतो, ‘बाई, हे कुठून आलं असेल?’

कुठून, किती लांबून, किती तासांत. त्यासाठी हा पृथ्वीगोल वर आणलाय. ३० सेंटिमीटर व्यासाचा. कपाटात होता. भूगोलाचा तास भिंतीवरच्या नकाशावर उरकतो आणि गोल कुलपात राहतो, हे आम्हाला बदलायचंय.

आता या बोटांकडे बघा. एक टाचणी मुंबईवर. उलव्याजवळचं नवं विमानतळ, जिथून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली, तेही याच टाचणीखाली येतं. दोन्ही विमानतळांमधलं अंतर या गोलावर जेमतेम अर्धा मिलिमीटर. दुसरी टाचणी न्यूयॉर्कवर. मध्ये शिवणाचा लाल दोरा.

नकाशावर ही दोन शहरं पट्टीने जोडली की रेघ अरबस्तान, लिबिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये उतरते. मुलांनी दोरा आधी तसाच लावला. आता ताणतायत. बघा, तो जागेवर राहत नाही. वर सरकतो, उत्तरेकडे. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग. मग मॉस्को. फिनलंडचा दक्षिण किनारा, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक, आणि कॅनडावरून खाली न्यूयॉर्क.

पट्टी लावली. साडेएकोणतीस सेंटिमीटर. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. गुणाकार फळ्यावर दिसतोय: सुमारे १२,५५० किलोमीटर. नकाशावरच्या सरळ रेघेने गेलो असतो, तर १४,२०० च्या आसपास.

ती रेघ चुकीची नव्हे. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये हा नकाशा केला तो जहाजांसाठी, होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावं म्हणून. त्यासाठी त्याला ध्रुवांकडचा भाग ताणावा लागला. म्हणून तिथे आखूड वाट लांब दिसते आणि लांब वाट आखूड. हे सांगून पटत नाही. दोरा हातातून सरकताना पटतं.

आता वेळ. ताशी ९०० किलोमीटर धरले तर भागाकार चौदा तासांचा. प्रत्यक्षात जाताना पंधरा-सोळा तास लागतात, येताना त्याहून कमी, कारण दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह जाताना अंगावर येतो आणि येताना पाठीशी असतो. शिवाय दोरा ज्या देशांवरून जातो, ते सगळेच वाट देतात असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि पश्चिमेकडच्या फेऱ्या लांबल्या.

ही मुलगी बोटांवर मोजतेय. तिचा मामा तिकडे असतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. रात्री दोनला निघालेलं विमान सोळा तास उडालं, तर तिथे किती वाजले असतील?

‘सकाळचे साडेसात. त्याच दिवशीचे!’

ती टाचणी काढतेय. आता सिडनी.