‘घर’ सोडून घराचे शब्द

नमस्कार श्रोतेहो. 1848 साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर असो, नाहीतर सोसायटीच्या हॉलमधली पुस्तकांची दोन कपाटं. एक लांब टेबल आणि बारा-पंधरा माणसं जमली की ‘घर’ या विषयावर शब्दमेघ करता येतो. शब्दमेघ म्हणजे शब्दांचं चित्र. जास्त जणांनी लिहिलेला शब्द मोठा, एकट्याचाच असेल तो लहान. दीड तास पुरतो.

अप्पा बळवंत चौकातून 22 बाय 28 इंची कार्डशीट, पेन्सिली, खोडरबर आणि जाड-बारीक स्केचपेनं आणा. चिठ्ठ्यांना पाठकोरे कागद चालतात. माणशी दहा चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एकच शब्द, नाव घालायचं नाही.

प्रश्न मात्र नीट निवडा. ‘घर म्हणजे काय?’ असं विचारलंत की प्रेम, माया, आधार एवढंच हाती येतं. त्यापेक्षा विचारा, उंबरठा ओलांडला की पहिलं काय दिसतं? सकाळी जाग कशाच्या आवाजाने येते? लहानपणी कुठे लपायचात? मग कोनाडा येतो, माळा येतो, फोडणी येते. ‘घर’ हा शब्द आधीच बाद करा, नाहीतर तोच फुगून मधोमध बसतो. लिहिताना पाच मिनिटं शांतता हवी; एक शब्द मोठ्याने उच्चारला गेला की तो शेजारच्या चार चिठ्ठ्यांवर उतरतो. कुणाला लिहायला जड जात असेल तर त्यांचा शब्द तुम्ही लिहा, पण त्यांच्या तोंडी आहे तसाच. आणि घराची आठवण सगळ्यांना सुखाची नसते. वाचून दाखवायची सक्ती नको; कुणी चिठ्ठी परत मागितली तर काही न विचारता द्या.

आता मोजणी, आणि इथे खुशाल वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. अंगण, अंगणात, अंगणातलं ही एकाच शब्दाची रूपं, त्यांचा एक ढीग. पण परसू आणि परडं एकत्र करू नका. जागा तीच, घराच्या मागची. तरी जो परडं म्हणत वाढला त्याच्या घराला परसू नसतं. प्रमाण शब्दाच्या हौसेपायी अशी चिठ्ठी दुसऱ्या ढिगात गेली, तर त्या माणसाचं घरच चित्रातून जातं. ‘ओटा’ उलट फसवतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तो स्वयंपाकाचा, गावाकडे दारापुढचा, संध्याकाळी टेकायचा. ‘कुठला ओटा?’ असं सगळ्यांना विचारा आणि दोन ढीग करा.

एकदा आलेला शब्द 2 सेंटिमीटर उंच, पुढे दर चिठ्ठीमागे 1 सेंटिमीटर वाढवा, 8 वर थांबा. उंची शिरोरेषेपासून खाली मोजायची. वेलांटी, मात्रा, उकार यांसाठी वर-खाली उंचीच्या निम्मी जागा सोडा. ती न सोडल्यामुळेच वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत घुसतो. मोठे शब्द आधी, पेन्सिलीने, फिकट. अक्षरं एकाखाली एक रचू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द वाचता येत नाही. ‘स्वयंपाकघर’ दोनदाच येऊनही तीनदा आलेल्या ‘आई’पेक्षा भारी दिसतं, कारण ते लांब आहे. लांब शब्दाला बारीक पेन वापरा.

संगणकावर करणार असाल तर आधी ‘खिडकी’ आणि ‘उंबरठा’ घालून पाहा. युनिकोडमध्ये वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षराहून वेगळी चिन्हं असतात. फक्त रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली साधनं ती गाळतात आणि ‘खिडकी’चे तुकडे पडतात. तसं झालं तर साधन बदला. ‘दारचा ओटा’ अशी जोडी मध्ये जोडरेघ देऊन लिहा, नाहीतर दोन सुटे शब्द मोजले जातील.

शीट वाचनकक्षाच्या दाराशी लावा. उजवा कोपरा वीतभर कोरा ठेवा आणि दोरीला बांधून एक पेन्सिल सोडा. मासिक चाळायला आलेल्यांनाही एखादा शब्द आठवतो.