दोन केबी मेमरी आणि जकार्डची चादर

(सोलापुरातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सोलापूरकरांना जकार्ड, म्हणजे मागावर नक्षी विणणारं यंत्र, समजावून सांगायची गरज नाही. कार्डावरची भोकं ठरवतात की या आडव्या धाग्यासाठी कुठले उभे धागे उचलायचे. कार्डांची माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून फिरते, म्हणून अख्ख्या चादरीची नक्षी वेगळी काढावी लागत नाही. जुन्या गेम कन्सोलचं चित्र याच हिशेबानं बनायचं.

निन्टेंडोचं फॅमिकॉम घ्या, १९८३ सालचं. त्याच्याच नकला आपल्याकडे 'कॅसेटचे गेम' म्हणून विकल्या गेल्या. प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झ, कामाची मेमरी २ केबी, चित्राची आणखी २ केबी. पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. एका ठिपक्याला दोनच बिट दिले तरी १५,३६० बाइट लागतात आणि हाताशी आहेत २,०४८. म्हणून पडद्याच्या ८ बाय ८ ठिपक्यांच्या टाइल पाडल्या: आडव्या ३२, उभ्या ३०, एकूण ९६०. प्रत्येक जागी फक्त टाइलचा नंबर, म्हणजे एक बाइट. त्यात रंगांचे ६४ बाइट मिळवा, बरोबर १,०२४ होतात. टाइलची चित्रं कॅसेटमधल्या चिपवर, एकेक १६ बाइटची.

खरी अडचण त्या ६४ बाइटांत आहे. ९६० टाइलचे रंग त्यात मावणार कसे? म्हणून चार टाइलच्या, म्हणजे १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनाला एकच रंगपट्टी. पट्टीत तीन रंग, शिवाय सगळ्यांना सामायिक असा मागचा एक. पार्श्वभूमीला अशा पट्ट्या चारच. झाडाचं खोड चौकोनाच्या हद्दीपलीकडे चार ठिपके गेलं, की तेवढ्या भागाला शेजारच्या आकाशाची पट्टी लागते आणि खोड निळं दिसतं. चित्र आधी काढून मग चौकोनात कोंबू नका. चौकोन आखूनच पेन्सिल उचला. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे, फक्त पट्टी बदललेली. तो अख्खा गेम ४० केबीचा. माझ्या मते कारागिरी म्हणतात ती हीच.

आता वेळेचा हिशेब. टीव्हीवर चित्र उमटत असताना चित्राच्या मेमरीला हात लावला तर पडद्यावर कचरा दिसतो. दोन फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या एकापाठच्या एक पूर्ण चित्रांच्या, मधली फट प्रोसेसरच्या सुमारे २,२७० सायकलची, म्हणजे ठोक्यांची. त्यातले ५१३ हलत्या चित्रांची, म्हणजे स्प्राइटची यादी पोचवण्यात जातात. एक बाइट लिहायला साधारण ८ सायकल धरले तर उरलेल्या वेळात दोनशेच्या आसपास बाइट बदलता येतात. अख्खा पडदा बदलणं शक्यच नाही. म्हणून मारिओ पुढे पळताना पडद्याबाहेर एकेक उभी रांग आधीच लिहून ठेवायची.

स्प्राइट एकूण ६४, पण एका आडव्या ओळीवर आठच. नववा उमटतच नाही. शत्रू अदृश्य झाला तर खेळणाऱ्यावर अन्याय होतो, म्हणून यादीचा क्रम दर फ्रेमला फिरवतात. मग सगळेच आळीपाळीनं लुकलुकतात, पण दिसतात.

वरची गुणांची पट्टी स्थिर आणि खालचं मैदान सरकतं, हे कसं? मारिओत पहिला स्प्राइट त्या पट्टीतल्या नाण्याच्या चित्राच्या तळाशी लपवलेला आहे. त्याचा ठिपका मागच्या चित्राच्या ठिपक्याला भिडला की एक बिट चालू होतो. प्रोसेसर त्याचीच वाट पाहत असतो. बिट दिसला की मैदानाची सरक लागू करतो. त्या नाण्याची टाइल चुकून रिकामी ठेवली, तर ठिपके भिडत नाहीत, वाट पाहणं संपत नाही आणि गेम तिथंच गोठतो. असं झालं तर आधी नाणं तपासा.

प्लेस्टेशनवर (१९९४) अडचणी बदलल्या. चित्राची मेमरी १ एमबी, पण कोण पुढे, कोण मागे हे ठिपक्यागणिक ठरवणारी सोय नाही. दृश्य त्रिकोणांचं बनलेलं, ते त्रिकोण मागून पुढे लावून काढायचे. शिवाय त्रिकोणाच्या पृष्ठभागावरचं चित्र जवळ-लांबचा हिशेब न करता ताणलं जातं, त्यामुळे जवळची फरशी वाकडी दिसते. उपाय असा: कॅमेऱ्याजवळचे मोठे त्रिकोण लहान तुकड्यांत तोडायचे. मात्र शेजारचा त्रिकोण अखंड ठेवला, तर जोडावर बारीक भेग पडून मागचा रंग डोकावतो. म्हणून सामायिक कडेवरचे बिंदू दोन्हीकडे तेच ठेवावे लागतात.