धोंड्याखालचा हिवाळा

[दृश्य : वरून दिसणारी, बर्फाने मढलेली नदी]

ही कूसिंकी नदी. फिनलंडच्या ईशान्य कोपऱ्यातून निघते, सरहद्द ओलांडून रशियात शिरते आणि तिचं पाणी शेवटी प्याओझेरो सरोवराला मिळतं. इथले ब्राउन ट्राउट मासे त्या सरोवरात पोसतात, अंडी घालायला मात्र वर इथे येतात. पिल्लांची पहिली काही वर्षं याच नदीत जातात.

[दृश्य : जुलै, पाण्याखाली]

उन्हाळ्यात पिल्लू शोधावं लागत नाही. बोटभर लांब, अंगावर कुणी शाईची बोटं टेकवावीत तसे काळसर ठसे. धार जोरात, पण हे गोट्याच्या आडोशाला संथ पाण्यात शेपटी हलवत उभं. किडा वाहत आला की सुळकन पुढे, टिपला की परत जागेवर. दुसरं पिल्लू फिरकलं तर अंगावर धावून जातं! लहानगी काठच्या उथळात, थोडी वाढलेली जरा खोलात.

[दृश्य : ऑक्टोबर, काठाला पहिला बर्फ]

पाणी आठ-दहा अंशांच्या खाली उतरलं, की दिवसा नदी रिकामी वाटते. मासे गेले कुठे? कुठेच नाही. धोंड्यांखालच्या फटींत दडलेत. थंडीने त्यांचे स्नायू मंदावतात. त्यांची शिकार करणाऱ्या मिंकचं (मुंगसासारखा प्राणी) आणि पाणमांजराचं रक्त मात्र गरमच. पळून सुटका नाही, म्हणून दिवसभर कपारीत आणि खाणं रात्री, तळालगतच्या संथ पाण्यात.

कडाक्याच्या रात्री उघड्या खळाळात गोळेवाल्याने किसावा तसा बर्फाचा चुरा तयार होतो. तो तळच्या दगडांना चिकटतो, फटी बुजवतो. नदीवर जाड बर्फ धरला की हे थांबतं. उलटं वाटेल, पण पिल्लांना पक्की गोठलेली नदीच बरी.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, नदीभर ओंडके]

फिनलंडच्या नद्यांतून एकेकाळी ओंडके वाहून नेत. ते अडकू नयेत म्हणून पात्रातले धोंडे काढून काठावर टाकले, काही सुरुंगाने उडवले. अशी नदी जुलैत बघितली तर काही बिघडलंय असं वाटतही नाही. पाणी नितळ, खळाळतं. जानेवारीत पिल्लाने शिरायचं कुठे?

[दृश्य : पोकलेनच्या दातांत शेवाळलेला धोंडा]

आता कित्येक ठिकाणी काठावरचे तेच धोंडे पोकलेनने उचलून परत पात्रात ठेवतात. नुसते ढकलून भागत नाही. एकमेकांवर तिरके बसवायचे, खाली बोट जाईल एवढी फट राखून. ती रेतीने भरली, तर पुन्हा उपसा.