‘फास्ट’ हा शब्द कुठल्या जातीचा?

नमस्कार श्रोतेहो.

‘फास्ट’ हे विशेषण की क्रियाविशेषण, असं मुलं मला विचारतात. मी म्हणते, आधी वाक्य सांग. ‘फास्ट लोकल’ म्हटलं तर विशेषण, कारण लोकल कशी आहे ते कळतं. ‘शी रन्स फास्ट’ म्हटलं की तेच क्रियाविशेषण. आता धावणं कसं, ते कळतं. आणि उपवासाला ‘फास्ट’ म्हटलं की ते नाम.

आपण इथे अडखळतो, कारण मराठी शब्दाचं रूपच बरंच काही बोलून जातं. ‘पाणी’ हे नाम. त्यातून क्रिया सांगायची तर ‘घाल’ जोडावं लागतं: झाडांना पाणी घाल. इंग्रजी म्हणते, ‘वॉटर द प्लांट्स’. प्रत्यय नाही, जोड नाही. शब्द नुसता क्रियापदाच्या जागी जाऊन बसला. जुन्या इंग्रजीत विभक्तीची रूपं भरपूर होती. ती शतकानुशतकं झिजत गेली आणि अर्थाचा भार शब्दाच्या जागेवर आला. म्हणून इंग्रजीत जाती पाठ करण्याआधी जागा बघायची.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्यासमोर होती. शाळेत आपण शिकतो त्या आठ जाती त्यामुळेच दोन्ही भाषांत सारख्या वाटतात. पण जोड्या लावायला गेलात की फसगत होते. ‘प्रेपोझिशन’ म्हणजे आधी ठेवलेला शब्द: ‘नियर द हाउस’. आपलं शब्दयोगी अव्यय मागून येतं: घराजवळ. शिवाय ‘इन द हाउस’चं मराठी ‘घरामध्ये’ केलं तर शब्दयोगी अव्यय, ‘घरात’ केलं तर नुसता विभक्तीचा प्रत्यय. इंग्रजीतली एक जात, मराठीत दोन वाटा. मला हे फार सुंदर वाटतं, आणि वर्गात ते सांगितलं जात नाही याचं वाईटही वाटतं.

शेवटी ‘एल-वाय’ दिसलं की क्रियाविशेषण, हा नियमही जपून वापरा. ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही!

आता कागद घ्या. ‘अ राउंड टेबल’, ‘द सेकंड राउंड’, ‘वी सॅट राउंड द टेबल’. तिन्हींत ‘राउंड’ काय काम करतो ते आधी मराठीत लिहा. जातीचं नाव त्यानंतर.